मागचे पाय गेलेलं कुत्रं घरी आणताना

दुपारी दोन वाजता तुमच्या घरी कोण असतं?

अपंग कुत्रं सांभाळायचंय म्हणून कुणाचा फोन आला, की मी आधी हेच विचारते. घर किती मोठं, आधी कुत्रा पाळलाय का, हे सगळं नंतर. अपघातात कंबर मोडलेल्या कुत्र्याची लघवी दर सहा ते आठ तासांनी हाताने दाबून काढावी लागते. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. सहाला आणि दहाला सगळे घरी असतात, गाडी अडते ती दोनवर. पलीकडून बहुधा उत्तर येतं, "पण आम्हाला कुत्र्यांचं फार वेड आहे हो." वेड असतंच, त्याशिवाय कोण फोन करतं! पण वेड ऑफिसला गेलं की कुत्रं घरी तुंबून बसतं.

मी पुण्यात राहते, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. वारज्याजवळ हायवेवर टेम्पोखाली आलेली ठमी आमच्याकडे 'फक्त तीन आठवड्यांसाठी' आली, त्याला आता सहा वर्षं झाली. फॉस्टर म्हणून, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतं सांभाळायला, आणलेलं कुत्रं आपल्याकडेच राहिलं की आमच्या मंडळींत त्याला 'फॉस्टर फेल' म्हणतात. नंतरच्या चार परीक्षांत मात्र मी पास झाले. त्या चौघांना घरं मिळाली. पाचही कुत्री मागचे पाय गेलेली होती, त्यामुळे पुढे जास्त करून त्याबद्दलच लिहिलंय. बाकीच्यांचं थोडक्यात.

कोणत्या अपंगत्वाला किती हात लागतात

तीन पायांच्या कुत्र्याला खरं तर तुमची फारशी गरज नसते. टाके सुकले की थोड्या दिवसांत ते तुमच्या पुढे पळायला लागतं. वजन वाढू द्यायचं नाही, नखं वेळेवर कापायची आणि गुळगुळीत फरशीवर योगा मॅटचे तुकडे नाहीतर रबरी पायपुसणी टाकायची. नवशिक्याने पहिलं कुत्रं असंच निवडावं, असं माझं मत आहे. कुणी ऐकत नाही ही गोष्ट वेगळी.

आंधळं कुत्रं आठवडाभरात घराचा नकाशा पाठ करतं, फक्त तो नकाशा तुम्ही बदलायचा नाही. सोफा सरकवला, दारात सिलिंडर ठेवला की ते धडकणार. प्रत्येक उंबरठ्यापाशी वेगळ्या पोताचं पायपुसणं टाका, म्हणजे पायाला कळतं की आता खोली बदलली. जिन्याला फळी लावा. हात लावण्याआधी नाव घ्या. घरात कुणी पैंजण घालत असेल तर फारच छान.

बहिऱ्या कुत्र्याला मागून जाऊन हात लावला तर ते दचकून तोंड टाकतं, त्यात त्याचा दोष नाही. फरशीवर पाय आपटला की त्याला कंप कळतो. 'ये', 'बस', 'नको', 'शाब्बास' अशा चार-पाच खुणा घरातल्या सगळ्यांनी सारख्याच करायच्या. रस्त्यावर ते साखळीविना कधीही सोडायचं नाही, हॉर्न त्याच्यासाठी नाहीच.

डिस्टेंपरमधून वाचलेली कुत्री दिसायला अवघड आणि सांभाळायला त्यामानाने सोपी असतात. हा विषाणूचा आजार. त्यावर थेट औषध नाही, जे वाचतात त्यांतल्या काहींना झटके राहतात: पाय, जबडा किंवा मान ठरावीक ठेक्यात उडत राहते, झोपेतसुद्धा. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण कुत्रं त्यातच जेवतं, खेळतं, घोरतं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. आजारातून उठल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने, विषाणू बाहेर पडत राहू शकतो; डॉक्टर 'आता चालेल' म्हणेपर्यंत लस न झालेली पिल्लं जवळ आणायची नाहीत, आणि घरच्या कुत्र्याची लस आधी पूर्ण करून घ्यायची. दुसरं, या उडण्याशिवाय पूर्ण शुद्ध हरपणारी फिट आली तर आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, वेळ मोजा, तोंडात काहीही घालू नका. आणि कांदा-चप्पल हुंगवणं इथेही नको. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा एकामागोमाग आल्या तर थेट दवाखाना. फिटच्या गोळ्या सुरू असतील तर त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, बंद केल्यानेच मोठी फिट येते.

आता मूळ विषय.

हो म्हणायच्या आधी

संस्थेला किंवा ज्याने कुत्रं उचललं त्याला तीन कागद मागा: एक्स-रे, रक्ताचा रिपोर्ट, लसींची नोंद. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी स्वतः बोला. मणका नेमका कुठे दुखावलाय, आणि खोल संवेदना, म्हणजे जोरात दाबल्यावर होणाऱ्या वेदनेची जाणीव, शिल्लक आहे का, हे विचारा.

या दुसऱ्या प्रश्नावर बरंच काही ठरतं आणि त्यातच सगळ्यांची फसगत होते. पंजाचं बोट जोरात दाबलं की कुत्रं पाय आखडून घेतं. लोक आनंदाने व्हिडिओ पाठवतात: "बघा, जाणीव आहे!" पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते, ती मेंदूपर्यंत न जाता मणक्यातूनच परत येते. बोट दाबल्यावर कुत्र्याने मान वळवून पाहिलं, कुंई केलं, चावायला आलं, तर जाणीव मेंदूपर्यंत पोचतेय. मणका मोडून ही खोल संवेदना गेली असेल तर पुन्हा नीट चालण्याची शक्यता फार कमी. असेल तर महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामाला अर्थ आहे. हे आधी माहीत असलं म्हणजे सहाव्या महिन्यात 'अजून कसं उभं राहत नाही' म्हणून आपण खचत नाही, आणि दर पंधरा दिवसांनी नव्या चमत्कारी तेलावर पैसेही घालवत नाही.

मग फॉस्टर आणि दत्तक यांतलं ठरवा. फॉस्टर म्हणजे कुत्रं संस्थेचं, घर तुमचं, मुदत ठरलेली. पहिल्यांदाच करत असाल तर फॉस्टरच करा, मनात दत्तक असलं तरी. आणि हे लेखी घ्या: औषधांचा आणि पॅडचा खर्च कोण करणार, कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, रात्री अकराला तब्येत बिघडली तर फोन कुणाला, तुम्हाला झेपलं नाही तर किती दिवसांत कुत्रं परत घेणार, आणि वेदना आवरेनाशा झाल्या तर शेवटचा निर्णय कोण घेणार. हे शेवटचं विचारताना जीभ अडखळते. तरी विचारा. माझ्या दुसऱ्या कुत्र्याच्या वेळी मी संकोचाने काहीच विचारलं नव्हतं. ज्यांनी ते माझ्या दारात सोडलं त्यांचा फोन तिसऱ्या आठवड्यापासून लागेनासा झाला.

संस्था निवडताना नावापेक्षा त्यांच्याकडे अपंग कुत्री किती आहेत आणि ती कोरडी आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, परळचं जुनं बाई साखरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ही नावं माहितीची आहेत. मोठ्या शहरापासून लांब असाल तर शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने लक्षात ठेवा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं असतं, पण टाके, सलाईन, रेबीजची लस यासाठी तिथले डॉक्टर नक्की मदत करतात.

रेबीजबद्दल, एकदाच आणि स्पष्ट

अपघात कुणी पाहिलेला नाही, अंगावर खरचटल्याची खूण नाही, आणि रस्त्यावरचं कुत्रं एकाएकी लुळं पडलंय. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही. अशा कुत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे चावत सुटलेलं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. रेबीजचा मुका प्रकारही असतो आणि त्यात कुत्रं असं गपगार पडून राहतं. 'घशात हाड अडकलंय वाटतं' म्हणून तोंडात हात घालणारे लोक मी पाहिलेत. लांब राहा, मनपाला किंवा संस्थेला कळवा.

हे काम नियमित करणार असाल तर स्वतः आधीच लस घ्या: तीन डोस, ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ७ आणि मग २१ किंवा २८ या दिवशी. नंतर कधी चावलं तर ० आणि ३ या दिवशी दोनच डोस लागतात. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ती फार लांब वाटतात. हळद, तिखट, चुना काहीही भरायचं नाही. मग सरकारी रुग्णालय, तिथे लस मिळते.

घर मांडून ठेवा

ज्यांच्या घरी आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले होते, त्यांना यातलं बरंचसं येतं, फक्त येतंय हे माहीत नसतं. कूस बदलणं, पाठ बघणं, चादर ओढताना कातडी घासू न देणं, ओलं कोरडं करणं. आमच्याकडे ठमी आली तेव्हा मी पुस्तकी तयारी करून बसले होते. सासूबाईंनी मात्र तिला पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "हिला गादी जाड कर, नाहीतर ढुंगणाला जखमा होतील." त्यांनी त्यांच्या सासऱ्यांचं दोन वर्षं केलं होतं.

सामान पुढीलप्रमाणे. मेडिकलच्या दुकानात मिळणारी अंडरपॅड, मोठं पाकीट. रेक्झिनचं कव्हर घातलेली जाड फोमची गादी. जुन्या सुती चादरी, जितक्या मिळतील तितक्या. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. हातमोजे, नॉर्मल सलाईनच्या बाटल्या, बीटाडीन, गॉज, चाटू-चावू नये म्हणून गळ्यात घालायचं कोन, म्हणजे शंकूसारखी कॉलर. पोटाखालून घ्यायला एक लांब, रुंद ओढणी. आणि एक वही. मोबाईलमधलं अ‍ॅप नको, वहीच हवी, कारण दोन वाजता येणाऱ्या माणसालाही ती दिसली पाहिजे.

जागा कोपऱ्यातली पण माणसांच्या नजरेतली. बाल्कनीत किंवा बाथरूमबाहेर टाकून ठेवलेलं कुत्रं लवकर जेवण सोडतं. मणक्याची दुखापत ताजी असेल तर डॉक्टर साधारण चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती सांगतात. तेव्हा दया येऊन मोकळं सोडू नका. उचलताना दोन हात एकाच वेळी: एक छातीखाली, दुसरा कमरेखाली, पाठ सरळ. काखेत धरून मागचा भाग लोंबकळता ठेवणं हे अगदी टाळायचं. पहिल्यांदा गाडीतून आणताना तर प्लायवूडच्या फळीवर सरकवून, चादरीने बांधूनच आणा.

घरात दुसरं कुत्रं-मांजर असेल तर पहिले दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी. गोचीड, खरूज, पोटातले जंत, कुठलाच पाहुणा सांगून येत नाही.

लघवी

यासाठी हा लेख लिहायला घेतला.

नवीन माणूस पहिल्या दिवशी सांगतो, "हिची लघवी होतेय की, चादर ओली आहे." ती होत नसते, सांडत असते. मूत्राशय गच्च भरलं की वरचं थोडं थोडं गळतं, जसा भरलेला हंडा हिंदकळतो. आत उरलेली लघवी तशीच राहते, त्यात जंतू वाढतात, मूत्राशय ताणून सैल पडतं, पुढे मूत्रपिंडावर येतं. लुळी पडलेली कुत्री कंबर मोडल्याने सहसा मरत नाहीत, ती या तुंबण्याने आणि जखमांनी मरतात.

दाबायला डॉक्टरांकडूनच शिका, आणि 'बघितलं, कळलं' म्हणून घरी येऊ नका. त्यांच्या समोर तुमच्या हाताने तीनदा काढून दाखवा. मी इथे लिहितेय ते आठवणीपुरतं.

कुत्र्याला कुशीवर झोपवा किंवा ओढणीने कंबर उचलून बाथरूममध्ये उभं धरा. दोन्ही तळहात पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे. बोटांची टोकं खुपसायची नाहीत, बोटं सपाट ठेवायची. आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लागेल. भरलेलं असेल तर मोसंब्याएवढं, कधी त्याहूनही मोठं. मळाचे खडे हाताला लागले तर ते वर, पाठीच्या बाजूला असतात आणि कडक लागतात, त्यांच्यात गल्लत करू नका. फुगा सापडला की दोन्ही बाजूंनी सावकाश दाब वाढवत शेपटीच्या दिशेने न्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा. झटका द्यायचा नाही, पिळायचं नाही. धार सुरू झाली की ती संपेपर्यंत दाब सोडू नका, मग सोडा, एक श्वास घ्या, पुन्हा एकदा दाबा. लिंबाएवढं लहान झालं म्हणजे झालं.

मादीचं सोपं असतं. नराचं अवघड, मार्ग लांब आणि वळणाचा. काही कुत्र्यांचं दार घट्ट मिटलेलं असतं, कितीही दाबा, धार नाही. ते मणक्याची दुखापत वरच्या भागात असली की होतं. तिथे ताकद लावायची नाही, मूत्राशय फुटू शकतं. दार सैल करायच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टर देतात. नेहमी सहज निघणारी लघवी एके दिवशी निघेनाशी झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून काही धड होणार नाही. मी रडले होते. ठमी मान वळवून माझ्याकडे असं बघायची की जणू एखाद्या शिकाऊ न्हाव्याच्या हाती सापडलीय. दहाव्या-बाराव्या दिवशी हाताला अचानक कळतं, आणि मग सायकलसारखं ते विसरत नाही.

वहीत वेळ लिहा, किती निघाली ते लिहा, रंग लिहा. गढूळ, उग्र वासाची, लालसर किंवा दोऱ्या असलेली लघवी म्हणजे जंतुसंसर्ग. मागच्या वेळचं अँटिबायोटिक मनाने पुन्हा देऊ नका. लघवीची कल्चर तपासणी करून कोणतं चालतं ते बघूनच द्या. हा संसर्ग या कुत्र्यांना पुन्हा पुन्हा होतो, आणि चुकीचं औषध देत राहिलं की एक दिवस कुठलंच चालत नाही.

शी बहुतेक वेळा दाबतानाच बाहेर येते. नाही आली तर ओल्या गॉजने गुदद्वाराभोवती पुसलं की येते. जेवणात उकडलेला लाल भोपळा थोडा घातला की मळ बांधून येतो, साफ करायला सोपा. डायपर बाहेर जाताना, पाहुणे असताना, तासा-दोन तासांपुरतं. लहान मुलांच्या डायपरला शेपटीसाठी भोक पाडून चालतं. दिवसभर डायपर घालून ठेवणं म्हणजे ओलं कापड अंगाला बांधून ठेवणं.

कातडी

दिवसातून दोनदा कुत्र्याला पालथं-उताणं करून उजेडात सगळं बघायचं: कमरेची दोन्ही हाडं, मांड्यांच्या आतला भाग, घोटे, पंज्यांची वरची बाजू, शेपटीखाली. लाल चट्टा दिसला आणि बोटाने दाबून तो पांढरा होत नसेल तर जखम सुरू झालीय. कूस दर चार तासांनी बदला. लघवीने भिजलेली जागा कोमट पाण्याने धुऊन टिपून पूर्ण कोरडी करा; पावडर टाकू नका, तिचे गोळे होऊन घासतात. बाळांच्या रॅशची मलमं बहुतेक झिंकची असतात, कुत्रं ती चाटतं आणि झिंक त्याला विषारी आहे. मागचे केस बारीक कापून ठेवले की निम्मं काम वाचतं.

पावसाळ्यात माशी हा शत्रू. ओल्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरातच आळ्या होतात, आणि त्या आत शिरत जातात. कुजका वास, गोल भोक, एकाच जागी सतत चाटणं ही लक्षणं. फिनेल, पेट्रोल, रॉकेल ओतायचं नाही. आळ्यांवरचा स्प्रे प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळतो; तो घरात असू द्या, पण तोंड लागत असेल किंवा जखम खोल असेल तर आळ्या डॉक्टरांनाच काढू द्या. जून ते सप्टेंबर गादीवर मच्छरदाणी लावलीत तर तुम्हाला कुणी हसणार नाही, आणि हसलं तर हसू द्या.

आणखी एक: काही कुत्री स्वतःचीच बोटं कुरतडतात. मुंग्या आल्यासारखं होत असावं, दुखत नसल्याने थांबतही नाहीत. सकाळी उठून पाहावं तर बोट नाही, असं एका घरी झालेलं मी पाहिलंय. पायाकडे सतत तोंड जाऊ लागलं की त्याच क्षणी कोन घाला.

व्यायाम आणि चाकं

रोज दोन-तीनदा, प्रत्येक पायाला सायकल चालवल्यासारखे दहा-बारा फेरे, मग प्रत्येक सांधा हळूच वाकवून सरळ करणं. पोटाखाली ओढणी घालून दोन-तीन मिनिटं चारही पायांवर उभं धरणं. याने पाय परत येतीलच असं नाही, पण सांधे आखडत नाहीत. ज्यांची खोल संवेदना शाबूत आहे त्यांना फिजिओथेरपी आणि पाण्यातला व्यायाम खरोखर उपयोगी पडतो.

घरात फरपटत फिरण्यासाठी शिंप्याकडून एक पिशवी शिवून घ्या: गुळगुळीत कापडाची, कमरेपासून मागे सगळं झाकणारी, खांद्यावरून पट्टे. डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटवर मात्र पाच मिनिटांतही कातडी सोलते.

चाकाच्या गाडीची घाई करू नका. मोडलेला मणका जुळून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. मापं तुम्ही अंदाजाने देऊ नका, बनवणारा सांगेल तशी, कुत्र्याला उभं धरून, दोनदा घ्या. उंची थोडी चुकली की पुढच्या खांद्यांवर सगळा भार येतो. पीव्हीसी पाइपची घरी केलेली गाडीही चालते, मी दोन केल्यात, एक बरी झाली होती. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, लक्ष ठेवून. गाडीत कुत्र्याला बसता-झोपता येत नाही, म्हणून त्यात घालून स्वयंपाकाला लागायचं नाही. उतरवल्यावर पट्टे घासलेत का बघायचं. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि उघडी गटारं पाहता सपाट मैदान शोधा, सकाळी लवकर.

ठमीला पहिल्यांदा गाडीत घातलं तेव्हा ती पाच मिनिटं पुतळ्यासारखी उभी होती. मग समोरून मांजर गेलं.

जेवण-औषध

हालचाल कमी म्हणून जेवण कमी, एवढं सूत्र. प्रत्येक जादा किलो तुम्हालाच जिना चढून उचलायचाय. भात-चिकन-अंडं चालतं, पण महिनोन्‌महिने तेवढंच नको. कांदा, लसूण, चॉकलेट, शिजवलेली हाडं नाहीत. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत, ते कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत, अर्धीही नाही.

सोसायटी, कायदा, शेजारी

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. हे प्रिंट काढून ठेवा, पण पहिल्याच मीटिंगला फडकवू नका. त्याआधी जिना ओला राहणार नाही, वास येणार नाही, मनपाचा परवाना आणि रेबीजची लस झालीय, हे सेक्रेटरींना चहाला बोलावून सांगा. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची परवानगी लेखी घ्या.

झेपेना म्हणून कुत्रं परत रस्त्यावर सोडणं हा पर्याय नाही. लुळं कुत्रं तिथे उपाशी मरतं, आणि प्राण्याला असं टाकून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६०च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशातही रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेतलं की ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. संस्थेला परत देणं मात्र अगदी चालतं. त्यात लाज नाही. तीन आठवडे नीट सांभाळून परत दिलेलं कुत्रं, सहा महिने चिडचिड करत ठेवलेल्या कुत्र्यापेक्षा सुखात असतं.

दुसरे हात

गणपतीला कोकणात कोण जाणार? चुलत भावाचं लग्न नाशिकला आहे, तेव्हा? लघवी दाबणारं बोर्डिंग शोधून सापडत नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात घराबाहेरचा एक माणूस तयार करा. आमच्याकडे खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा शिकला. दुपारी दोनला येतो, महिन्याचे पैसे घेतो, वहीत सही करतो. पैसे देऊनच ठेवा. फुकटची मदत परीक्षेच्या आठवड्यात आटते. दिवाळीत मात्र दोन दिवस आम्ही कुठेच जात नाही. पळता न येणाऱ्या कुत्र्याला फटाक्यांचा आवाज कसा वाटत असेल याचा विचार करा आणि खिडक्या बंद करून शेजारी बसा.

जेव्हा थांबायचं असतं

वाईट दिवस सगळ्यांचेच येतात. पण जेवण सुटलं, वेदना औषधाने आवरत नाहीत, जखमा भरत नाहीत, आणि तुम्ही दारातून आल्यावर शेपटीकडचा निर्जीव भाग सोडा, डोळेसुद्धा हलत नाहीत, असे दिवस वहीत ओळीने यायला लागले, तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. वही इथेही उपयोगी पडते. आपली आठवण आपल्याला हवं तेच सांगते.

दुसऱ्या घरी पाठवताना

फॉस्टर कुत्र्याला घर शोधताना गोंडस फोटोच्या आधी लघवी दाबतानाचा व्हिडिओ पाठवा. निम्मे लोक तिथेच गळतात, आणि ते बरंच आहे. उरलेल्यांच्या घरी जाऊन या; फरशी कसली, जिना किती, दुपारी दोनला कोण असतं ते पाहा. मग त्यांना तुमच्या घरी किमान चार वेळा बोलावून, चारही वेळा त्यांच्याच हाताने लघवी काढून घ्या. घरातल्या दोघांना आली पाहिजे. एकालाच येत असेल तर थांबा. नसबंदीचा आणि लसींचा कागद, एक्स-रे, वही, आणि न धुतलेली एक चादर सोबत द्या. ओळखीचा वास असला की पहिल्या रात्री झोप लागते.

सोन्याला सांगलीच्या एका कुटुंबाने नेलं. घरातले काका निवृत्त, त्यामुळे दोन वाजण्याचा प्रश्न मिटलेला. त्यांनी आमच्याकडे चारही वेळा व्यवस्थित केलं होतं. तरी पहिल्या रात्री दहा वाजता व्हिडिओ कॉल आला: काका बाथरूममध्ये घामाघूम, काकू मोबाईल धरून उभ्या, सोन्या दोघांकडे आळीपाळीने बघतोय. "तळहात जरा मागे घ्या काका, अजून थोडं मागे," मी सांगत होते. मग काकूंचा हात हलला, स्क्रीनवर नुसतं छत दिसायला लागलं आणि काकांचा आवाज आला, "अगं निघाली! निघाली, निघाली!"